बालदीभर खारं पाणी

हे सांगायचं मी टाळलं. आज नको, उद्या बघू, असं करता करता वय ऐंशीच्या पुढे गेलं. बाई, तुमच्या आधीही दोघं-तिघं येऊन गेले, वही-पेन घेऊन, आक्काबद्दल सांगा म्हणाले, एवढ्या बायकांना तिने कामाला कसं लावलं ते सांगा, आणि तुम्ही तिला हात कसा दिलात तेही सांगा. मी त्यांना चहा पाजला, गरे खायला घातले, इकडचं तिकडचं बोललो आणि वाटेला लावलं. कारण लोकांना माहीत आहे ते असं, की भागीरथीबाईच्या धंद्याचा पाया तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे या सखारामने घातला. स्मरणिकेत तसं छापलंय. माझा फोटो आहे त्यात, खांद्यावर शाल. आता ती नाही, माझी बायको नाही, ज्यांना ठाऊक होतं त्यातलं कुणीच उरलं नाही, आणि मी एकटा ती शाल पांघरून बसलोय. तेव्हा लिहून घ्या. मध्ये मी थांबलो तर थांबू द्या, पण आज पुरतं सांगतो.

आमचं गाव आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावरून खाली उतरताना. चार दळं, म्हणजे लहान तुकडे, भाताची, बाकी सगळा कातळ, आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने अकरा झाडं रातांब्याची, कोकमाची. अकरा. कुणी लावली नव्हती, आपसूक आलेली. आई मी तीन वर्षांचा असताना गेली आणि मला वाढवलं ते आक्काने, ती तेव्हा दहाची असेल. मला कडेवर घेऊन ती भात सडायची, एका हाताने मुसळ आणि एका हाताने मी. गावातल्या बायका म्हणायच्या, भागे, त्याला खाली ठेव गो, तुझं कंबरडं मोडेल. ती म्हणायची, खाली ठेवला की रडतो मेला. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं, सावर्ड्याला दिली, आणि ती गेली त्या दिवशी मी दोन दिवस जेवलो नाही. हे सगळं मला आठवतं, आणि आठवत असूनही मी पुढे जे केलं ते केलं, म्हणून सांगतो.

तिला मूल झालं नाही. चौदा-पंधरा वर्षं वाट बघून दाजींनी दुसरी केली. दुसरीला वर्षात मुलगा झाला. मग आक्काला त्या घरात काय जागा, गोठा आणि चूल. एक दिवस दाजींनी हात उचलला, बाळंतिणीच्या पाण्याला आच लागली नाही म्हणून, आणि आक्का तशीच निघाली, सावर्ड्याहून चालत, दोन दिवस. दारात आली तेव्हा पायाला पानं बांधलेली होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, पडवीत दोर वळत होते. ते म्हणाले, किती दिवस राहणार हायस? पाणी सुद्धा विचारलं नाही, हे आधी विचारलं. आक्का म्हणाली, जाणार नाय. आप्पा म्हणाले, लेक दिल्या घरी शोभते. आक्का म्हणाली, मग शोभेचं काम संपलं म्हणा.

मी तेव्हा बंदरावर बोटीच्या एजंटाकडे कारकुनीला लागलो होतो. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, कोट घालायचो. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको राधा, तिचे वडील शाळामास्तर, तिला चार बुकं येत होती, पण आमच्या घरात बायकांनी पुस्तक हातात धरायचं नाही असा माझाच दंडक होता. का, ते विचारू नका. विचाराल तर सांगता येणार नाही.

आक्का आली ती चैत्रात. वैशाखात रातांबे पिकले, पिकून पडले. आमच्याकडे घरापुरती आमसुलं व्हायची, बाकी फळ कुजायचं, माशा घोंगावायच्या. आक्का एक दिवस टोपली घेऊन बसली. रातांबा फोडायचा, बिया आणि रस एकीकडे, सालं एकीकडे, रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत तोच रस, परत ऊन. याला पुट म्हणतात. सगळे तीन पुटं देऊन मोकळे होतात. आक्का सात द्यायची. सात पुटांचं आमसूल काळंभोर, मऊ, एक टाकलं की आमटीचं रूप बदलतं. मी म्हटलं, आक्का, एवढा खटाटोप कुणासाठी? ती म्हणाली, जो विकत घेईल त्याच्यासाठी.

वाडीत बाप्ये कमी. सगळे मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. मागे बायका, सासवा, पोरं. मनिऑर्डर आली तर आली, आणि आली तरी पोस्टमन ती सासऱ्याच्या हातात द्यायचा. अशा अकरा बायका आक्काने गोळा केल्या, अकरा झाडांना अकरा बायका म्हणून आम्ही थट्टा करायचो. तिचा एकच नियम होता. कामाचे पैसे जिच्या कामाचे तिच्या हातात. पहिल्याच आठवड्याला त्यातल्या एकीचा, तुळशीचा सासरा आला, काठी टेकत, म्हणाला, सुनेचं माझ्याकडे दे. आक्काने रसात बुडालेले दोन्ही हात कोपरापर्यंत वर केले, लाल, आणि म्हणाली, मामा, तुम्ही किती सालं बुडवलीत? दाखवा हात. म्हातारा हात मागे घेऊन निघून गेला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यावर गावात फार बोललं गेलं. ही बाय आमच्या बायका बिघडवणार, असं म्हणाले.

बोट हाच तेव्हा मुंबईचा रस्ता. आक्काने मला विचारलं, तिकडे कुणी व्यापारी आमसुलं घेईल काय, तुला बंदरावर माणसं माहीत. मी विचारपूस केली, दादरच्या एका व्यापाऱ्याचं नाव मिळवलं, पत्र लिहिलं. हे खरं आहे, हे मी केलं. पण पत्रात काय लिहिलं ते ऐका. मी लिहिलं, आम्ही सखाराम अमुक, आमसुले व आंबापोळीचे व्यापारी, रत्नागिरी. खाली माझी सही. आक्काला वाचता येत नव्हतं. ती विचारायची, नीट लिहिलंस ना रे? मी म्हणायचो, हो तर. दोन मोसम असे गेले. माल जायचा, शेटची पत्रं यायची ती माझ्या नावाने यायची, कचेरीत लोक म्हणायचे, काय सखारामशेट! आणि काय सांगू तुम्हाला, ते ऐकायला गोड वाटायचं.

तिसऱ्या मोसमाला, मिठाची चळवळ झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, ते शेट स्वतः आले. न कळवता आले. बोट लागल्याने चेहरा पिवळा पडलेला, हातात छत्री, घामाने कोट भिजलेला, असे चढण चढून आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. तो रविवार, मी घरी होतो, मागच्या पडवीत दाढी करत होतो. खळ्यात अकरा बायका आणि आक्का, सगळ्यांचे हात लाल. शेट म्हणाले, सखारामशेट कुठे आहेत? आक्का म्हणाली, कोण शेट? तुळशी म्हणाली, अगो आक्का, आपला सखा शेट कधी झाला गो? शेटनी खिशातून पत्र काढलं. हे काय, यांचा माल मी दोन वर्षं घेतोय.

मी बाहेर आलो तेव्हा अर्ध्या गालाला साबण होता. आक्काने पत्र माझ्यापुढे धरलं, कागदावर तिच्या बोटांचे लाल ठसे उमटले. म्हणाली, वाच. मी म्हटलं, आत जाऊन बोलू. वाच म्हणाली, इथेच. आणि मला माझंच पत्र माझ्याच तोंडाने वाचायला लागलं. माल आमच्या स्वतःच्या देखरेखीखाली तयार होतो, घरच्या दोन-चार बायका मजुरीने लावल्या आहेत. दोन-चार बायका. मजुरीने. त्या ओळीपर्यंत आलो तेव्हा खळ्यात एवढी शांतता, की सुकत घातलेल्या सालांवर माशी बसलेली ऐकू यावी.

आक्का चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती शेटकडे वळली आणि म्हणाली, हा माझा भाऊ. याचं अक्षर फार चांगलं हाय. बाकी या धंद्यात याचं काय नाय.

आणि बायका हसल्या. बारा जणी हसल्या, बाराव्या माझ्या बायकोला मी दाराआडून हसताना बघितलं. बाई, मी म्हातारा झालो, दोन बोटी बुडालेल्या बघितल्या, माणसं जळताना बघितली, ते सगळे आवाज विसरलो. ते हसणं विसरलो नाही. खरं सांगायला बसलोय म्हणून सांगतो, आज या घडीलाही ते आठवलं की कान तापतात. चूक माझी होती, हे कळतं, तरी तापतात. मी तोंड धुतलं, कोट घातला, आणि चढण उतरताना ठरवलं की हिला मी रडवीन. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं तिच्याबद्दल हे ठरवलं.

शेट शहाणे होते, त्यांनी बोलणं आक्काशी केलं. साठ खोकी आमसुलं आणि आंबापोळी, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने. माल वेळेवर पोचला तर दरवर्षीचा करार, खोक्यावर नाव तुमचं. नाही पोचला तर राम राम. आणि त्याच आठवड्यात सावर्ड्याहून निरोप आला, दाजींच्या दुसरीला दुसरं मूल झालंय, घराला माणूस पाहिजे, थोरलीला पाठवा. आप्पा आक्काला म्हणाले, शेटचा करार झाला तर राहा, मी तोंड उघडणार नाही. नाही झाला तर ज्येष्ठात गाडी जुंपून मी स्वतः तुला पोचवीन. आक्का म्हणाली, बरं. म्हणजे बघा, साठ खोकी बोटीवर चढली तर ती आपल्या पायावर, आणि नाही चढली तर सवतीची पोरं खेळवायला, नवऱ्याच्या हाताखाली. हे सगळं माझ्या समोर ठरलं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

महिनाभर खळं पेटल्यासारखं चाललं. आक्काने पत्र्याच्या तुकड्यावर अक्षरं कापून ठसा केला, भागीरथी, रत्नागिरी, त्यावरून काळा रंग फिरवला की खोक्यावर नाव उठायचं. मी विचार करायचो, हिला अक्षरं कुणी शिकवली? पुढे कळलं, राधाने. दुपारी मी कामावर गेल्यावर गोठ्यात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर काडीने.

शेवटची बोट. तुम्हाला आता काय कळणार ते. त्या बोटीनंतर बंदर बंद, ते नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत होईपर्यंत. आगबोट धक्क्याला लागायची नाही, लांब दर्यात उभी राहायची, माणसं आणि माल पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून न्यायचा. त्या दिवशी आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता, पण लाटा मोठ्या. आक्काची साठ खोकी आदल्या दिवशी आली होती, डोक्यावरून खाडीपर्यंत, होडीने पलीकडे, गाडीने बंदरावर. शेडमध्ये भिंतीला लावून नीट रचलेली. कुठला माल आधी पडावात जाईल ती यादी माझ्या हातात.

एक नियम होता, ओलं खोकं बोटीवर घेत नाहीत. ओल्याने शेजारचा माल खराब होतो, म्हणून बाजूला काढायचं, सुकलं की पुढच्या बोटीने. हमाल जेवायला गेले होते. भरदुपार. मी धक्क्याच्या पायरीवर गेलो, बालदी दर्यात बुडवली, शेडमध्ये आलो आणि रांगेवर वरून ओतली. एकदा. मग आणखी एकदा आणली. तिसऱ्यांदा आणली. हात थरथरत नव्हते, बाई, हे लिहा. मग हमालांना हाक मारली, म्हटलं, या खोक्यांना पाणी लागलंय, काढा बाजूला. हमालांनी काढली. पडावाचा तांडेल म्हणाला, अहो, आज शेवटची बोट, एवढं कसलं बघताय, वाऱ्याने सुकतील वाटेत. मी म्हटलं, नियम तो नियम.

आक्का आणि तुळशी धक्क्यावर पोचल्या तेव्हा बोटीने भोंगा दिला होता. आक्का आनंदात होती, डोक्यात अबोलीचा वळेसर, मी तिला लग्नानंतर फुलं माळलेली पहिल्यांदा बघितली. शेडमध्ये आली आणि खोकी बघून थांबली. मी तोंड पाडून सांगितलं, आक्का, काय करणार, ओल लागली, कुठूनतरी पाणी आलं, लाट आली असेल.

ती खोक्याजवळ गेली. फळीवर बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं. आमसुलाला मीठ कमी की जास्त, हे ती असंच बघायची, दिवसातून शंभरदा. मग ती वळून बघायला लागली, धक्का कुठे, शेड कुठे, मध्ये कोरडी जमीन किती. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या धोतराच्या काठाकडे बघितलं, तो गुडघ्यापर्यंत ओला होता. तुळशी रडत होती, तिला म्हणाली, रडू नको गो, डोळ्यातलं मीठ वाया जातं. आणि मग मला म्हणाली, एवढंच म्हणाली, तुझ्या झाडाचं एक फळ आता माझ्या हाताला लागायचं नाय. पण तुझ्या घरातनं एक वस्तू मी नेणार. बघशील तू.

मला वाटलं, ती आईच्या पितळी हंड्याबद्दल बोलतेय.

ज्येष्ठात आप्पांनी गाडी जुंपली. आक्काने साठही खोकी तीन गाड्यांवर चढवली आणि सावर्ड्याला गेली. आणि तिथे काय झालं ते तर गंमतच. खारं पाणी आमसुलाला काय करणार? आमसूल मिठातच वाढतं. वरच्या चार आंबापोळ्या गेल्या तेवढ्याच. मी जन्म आमसुलं करणाऱ्या घरात काढला आणि एवढं मला सुचलं नव्हतं, रागात माणूस किती ठार आंधळा होतो बघा. सावर्डे बाजाराचं गाव. घाटावरच्या गाड्या तिथे थांबतात. श्रावण आला, उपासतापास सुरू झाले, बोटी बंद, कुणाकडे आमसूल नाही, आणि हिच्याकडे साठ खोकी. गाडीवाल्यांनी कऱ्हाडपर्यंत नेली. दाजी म्हणाले, घरात आण ते पैसे. ती म्हणाली, दाखवा हात. तेच, तुळशीच्या सासऱ्याचं. दाजींच्या घरात ती पडवीतच राहिली होती, दिवाळीला तीही सोडली आणि बाजारामागे एक खळं भाड्याने घेतलं. आणि दोन महिन्यांनी तिची सवत, गंगा, दोन पोरं घेऊन तिच्या दारात. म्हणाली, आक्का, मलाही बुडवायला शिकवा. लोक सांगतात, दाजी पुढे चुलीपुढे बसून एकटेच भाकरी थापायचे, आणि त्या नेहमी एका बाजूने करपायच्या.

आता माझं ऐका. पुढच्या वैशाखात आमच्या गावात एक गाडी आली. गाडीवर गंगा. घरोघरी बायकांनी दोन पुटं देऊन सुकवलेली सोलं घ्यायची, पैसे तिच्या तिच्या हातात द्यायचे, पुढची पाच पुटं सावर्ड्याला. गाडी प्रत्येक दारात थांबली. आमच्या दारात थांबली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. अकरा झाडांचा रातांबा आमच्या अंगणात पडून कुजायचा, आंबूस वास, माशा, जमीन लाल, जशी काही कुणी कोंबडी कापली आहे. वाडीतल्या घरांवर कौलं चढली. तुळशीने म्हैस घेतली, आपल्या नावाने. आणि तिचा सासरा चौथ्या वर्षी माझ्याकडे येऊन म्हणतो, सखाराम, बहिणीशी काय बिनसलं रे? सगळ्यांचं घेते, तुमचंच नाय? मी म्हणायचो, गर्व झालाय तिला. आणि तसं म्हणताना मला ते खरं वाटायचं.

आप्पा गेले तेव्हा ती आली. रडली, दिवस केले, माझ्याशी एक शब्द नाही. जाताना पितळी हंडा मी तिच्यापुढे ठेवला, म्हटलं, हा घेऊन जा. ती म्हणाली, हंडा नको.

त्या पुढच्या वैशाखात गाडी आली तेव्हा राधा दारात उभी होती, दोन टोपल्या सोलं घेऊन. तिने मला न विचारता केली होती, सात पुटांची. गंगा गाडीवरून म्हणाली, वहिनी, या घरचं घ्यायचा हुकूम नाय. राधा म्हणाली, सोलं नको घेऊ. मला घे. आणि टोपल्या तिथेच टाकून ती गाडीवर चढली. मी पडवीत होतो. मी ओरडलो, खाली उतर. ती म्हणाली, आक्कांना पत्रं लिहायला माणूस पाहिजे. माझं अक्षर तुमच्याएवढं चांगलं नाय, पण नाव ज्याचं त्याचंच लिहीन.

तेव्हा मला कळलं, वस्तू कुठली ते.

मी आठ दिवस दम धरला, मग सावर्ड्याला गेलो, तिला केसाला धरून आणायला. खरंच तसंच ठरवून गेलो. खळं केवढं मोठं, वीस-पंचवीस बायका, दोरीवर आंबापोळ्या, चटयांवर आमसुलं, आणि एका कोपऱ्यात राधा पाटावर बसून पत्र लिहितेय, कानावर टाक. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. मी म्हटलं, राधा, चल. ती लिहीतच राहिली. आक्का उठली. तिचे केस पिकायला लागले होते. ती बायकांना म्हणाली, हा माझा भाऊ, रत्नागिरीहून आलाय, उन्हातनं आलाय. याला पाणी द्या गो. कुणीतरी तांब्या उचलला. आक्का म्हणाली, तांब्या नको. बालदी आणा.

एक बाई विहिरीवरून भरलेली बालदी घेऊन आली आणि माझ्या पायाशी ठेवली. बायका बघत राहिल्या, त्यांना काही कळलं नव्हतं. पाहुण्याला कुणी बालदी देतं? आक्का जवळ आली आणि हळू बोलली, फक्त मला ऐकू यावं असं. म्हणाली, चाखून बघ. गोडं हाय.

मी त्या बालदीत बघितलं. माझं तोंड दिसत होतं. तिथेच पाय धरले असते तर सगळं मिटलं असतं. मी वळलो आणि चालायला लागलो. मागे कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मला परत एकदा राग धरता आला असता.

राधा चार महिने पावसाळ्याचे घरी यायची, आठ महिने तिकडे. येताना आपले पैसे आपल्या कनवटीला. माझी नोकरी गेली तेव्हा हे घर त्या पैशांवर चाललं, हे कौल, ही पडवी, तुम्ही बसलात ती खुर्ची. मला तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. आक्काने माझा सूड घेतला तो असा, बाई. माझ्या बायकोला तिने उभं केलं आणि मला तिच्या सावलीत बसवलं. मी पुष्कळ वर्षं म्हणायचो, काय विषारी बाई. आता म्हणवत नाही.

मग स्वातंत्र्य आलं, दिवस बदलले, आणि एका वर्षी गावाने तिचा सत्कार केला. त्या दादरच्या शेटच्या मुलाने जुनी पत्रं जपून ठेवली होती, त्यातलं माझं पहिलं पत्र त्याने भाषणात वाचलं. दोन-चार बायकांची ओळ त्याने गाळली, भला माणूस. म्हणाला, बंधू सखाराम यांनी हे रोप लावलं. टाळ्या झाल्या. मलाही वर बोलावलं, शाल, नारळ. आक्का शेजारच्या खुर्चीत होती. ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, मी बोलेन म्हणून. ध्वनिक्षेपक माझ्या तोंडापुढे होता. मी म्हटलं, सर्वांचा आभारी आहे. आणि खाली बसलो.

ती शेवटची भाऊबीज, तीन वर्षांपूर्वीची. सावर्ड्याला जाताना एसटीत पूर्ण वाटभर मी वाक्य पाठ केलं. तिने ओवाळलं, हात हलत होते, निरांजन मीच धरलं. तबकात मी लुगडं ठेवलं. दरवर्षी ठेवायचो, आणि दरवर्षी ती माझ्यादेखत ते कामावरच्या कुणा बाईला देऊन टाकायची, तेही तसंच दिलं. मग म्हणाली, सखा, काय बोलायचं हाय का रे तुला? सखा म्हणाली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, यंदा आमसुलं छान झालीत. तिने तबक बाजूला ठेवलं. मग म्हणाली, सात पुटांची हायत, होणारच. आणि एक पुडी माझ्या हातात दिली.

माघात ती गेली. पुडी त्या फडताळात आहे, सोडलेली नाही. एसटीत पाठ केलेलं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं आठवतंय, ते लिहून घ्या, माझ्या अक्षरात नको, तुमच्या अक्षरात लिहा: आक्का, लाट आली नव्हती. बालदी मी ओतली. तीन वेळा ओतली. तू मला खाली ठेवायला हवं होतंस.